एफडी मोडून अल्बम काढू का?

सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. वय चौतीस, पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो, लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःची गाणी लिहितो, मराठीत, पण मधेच तेलुगू ओळी येतात, थोडं कानडी येतं. तीन वर्षांपूर्वी पाच गाण्यांचा अल्बम स्वतःच्या पैशाने काढला, ओळखीपाळखीचे सोडून फार कोणी ऐकला नाही. आता आठ गाण्यांचा दुसरा काढायचाय. पुण्यातल्या एका प्रोड्युसरने साडेचार लाख सांगितलेत, त्यातले दीड लाख दोन व्हिडिओंचे, आणि वर सुचवलंय की तेलुगू ओळी काढून टाक, गाणं 'सगळीकडे चालेल'. हातात दीड लाख आहेत. तीन लाखांची एफडी आहे पण ती मुलीच्या नावाने ठेवलेली, बायको नाही म्हणते, 'तिला कलेतलं कळत नाही'. पर्याय तीन दिसतात: एफडी मोडणं, पर्सनल लोन, किंवा एक स्थानिक नेते दोन लाख द्यायला तयार आहेत, बदल्यात वाढदिवसाचं एक गाणं, व्हिडिओच्या सुरुवातीला फोटो आणि सगळ्या अल्बमवर निर्माता म्हणून त्यांचं नाव. मित्र म्हणतात लोकांकडून गोळा कर, 'पण नोकरी असून हात पसरायची लाज वाटते'. आणि पत्राच्या अगदी शेवटी: 'वर्षभर नवीन काही सुचलेलं नाही, तीन गाणी पूर्ण आहेत, बाकी पाचांच्या नुसत्या चाली मोबाईलमध्ये पडून आहेत. ताई, पैसे कुठनं उभे करू?'

तू ताई म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, चालवून घे.

मला तुझ्या पत्रात पहिल्यांदा खटकलं ते हे की पैशावर तू पानंच्या पानं लिहिलंयस आणि गाण्यांवर शेवटच्या दोन ओळी, त्याही जाता जाता. आठातली पाच गाणी अजून झालेलीच नाहीत रे. तुमच्या कारखान्यात ऑर्डर पक्की नाही, सूत आलेलं नाही आणि कोणी पॅकिंगचं कोटेशन मागवून त्याच्यावर लोन काढायला निघालं, तर अकाउंट्सला बसलेला तूच पहिला ओरडशील ना?

आता तुझ्याच आकड्यांचा हिशोब करू. साडेचारातून व्हिडिओचे दीड काढले की आठ गाण्यांचे राहतात तीन लाख. म्हणजे एका गाण्याला साडेसदतीस हजार. तयार गाणी तीन, त्यांचे होतात १,१२,५००. तुझ्या हातात आहेत दीड लाख. म्हणजे आज जेवढी गाणी तयार आहेत तेवढी त्याच प्रोड्युसरकडे, त्याच रेटने करायचे पैसे तुझ्याकडे आहेत, एफडीला हात न लावता आणि कोणाच्या वाढदिवसाला न गाता. हे तुला दिसलं नसेल असं मला वाटत नाही, आकड्यात राहणारा माणूस आहेस. मला वाटतं साडेचार लाख हा आकडा समोर असला की त्या पाच चालींसमोर बसायला लागत नाही, पैसे नाहीत म्हणून अल्बम अडलाय असं सगळ्यांना सांगता येतं आणि ते खोटंही नसतं. रागावू नकोस. असं करणारा तू एकटा नाहीस, मला येणाऱ्या गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांच्या पत्रात हे बऱ्याचदा असतं, कोणाचा कॅमेरा अडलेला असतो, कोणाचं मुंबईला शिफ्ट होणं.

तू म्हणशील, ताई पण मला सुटी गाणी नकोत, अल्बमच पाहिजे. मान्य. आठ गाणी एका माळेत ऐकायची गंमत वेगळीच असते, मला स्वतःला आवडतं तसं ऐकायला. पण अल्बम एका दिवशी जन्मलाच पाहिजे असा नियम कुठे आहे? तीन आत्ता कर, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने एकेक सोड, तोपर्यंत उरलेली लिहून होतील आणि मग आठ एकत्र करून अल्बम म्हणून पुन्हा टाक. असं केल्याने एकेका गाण्याकडे लक्षही जातं, नाहीतर आठ एकदम टाकली की लोक पहिली दोन ऐकतात आणि पुढे जातात, तुझ्या पहिल्या अल्बमचं तेच झालं असेल.

स्ट्रीमिंगच्या पैशावर बजेट मांडू नकोस, हे तुझ्यासारख्या सगळ्यांनाच सांगते. २०२४ पासून स्पॉटिफायवर एखाद्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत किमान १००० स्ट्रीम्स नसतील तर त्या गाण्याला रॉयल्टी मिळतच नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४००० तास बघितलं गेलं पाहिजे (किंवा शॉर्ट्सचे ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, ते सोड). ५०० सबस्क्रायबरवर पण आत घेतात, तेव्हा मेंबरशिप वगैरे चालू होते, जाहिरातीचे पैसे नाहीत. म्हणजे हे रस्ते बंद नाहीत, गाणी तिथे टाकायचीच, पण घर चालवायला किंवा ईएमआय भरायला ते धरायचे नाहीत. आणि डिस्ट्रिब्युटर, म्हणजे आपली गाणी या सगळीकडे चढवून देणारी कंपनी, निवडताना एक बघ, काहींची फी दरवर्षीची असते आणि भरली नाही तर गाणी उतरू शकतात, काहींची गाण्यामागे एकदाच असते. पहिल्या अल्बमचं काय चालूये तेही चेक कर.

आता लोनचं पटकन. तीन लाख, १४ टक्क्यांनी, तीन वर्षं, हप्ता येतो साधारण १०,२५०, परत जातात ३ लाख ६९ हजार. हे तू माझ्याआधी काढलेलं असणार. तीन वर्षं दर महिन्याला तो हप्ता कापला जाणार आणि तेव्हा तू ऑर्केस्ट्राच्या सगळ्या सुपाऱ्या घेणार, नको त्याही, आणि लिहायला जो वेळ आहे तो पण जाणार. गाण्यासाठी घेतलेलं कर्ज गाणंच खातं. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांचंच बघ, त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या दरबारी पैशावर नाही, लोकांच्या देणग्या आणि जाहीर कार्यक्रमांच्या उत्पन्नावर. नंतर मुंबईच्या इमारतीसाठी त्यांनी कर्जं काढली, ती फेडायला गावोगाव कार्यक्रम करत फिरले, आणि १९२४ मध्ये ते दौऱ्यावर असतानाच सावकारांनी ती इमारत लिलावात काढली. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत. आपल्याला महिन्याला जे काही शिल्लक पडतं त्यात दहा हजारांचा हप्ता कशाला ओढवून घ्यायचा?

पण पलुस्करांची दुसरी बाजू मला तुला जास्त सांगायचीय, कारण तुझं ते 'हात पसरणं' तिथेच येतं. गाण्याला तिकीट लावून लोकांसमोर बसणं त्या काळात कमीपणाचं समजायचे, गवई म्हणजे दरबारात. त्यांनी लोकांसमोर गाऊन लोकांकडून पैसे घेतले, त्यात त्यांना भीक दिसली नाही. आणि तुला तरी का दिसावी? गणपतीची वर्गणी मागायला तू मंडळाबरोबर फिरलाच असशील की, तेव्हा लाज वाटली नाही. मराठी पुस्तकांना प्रकाशनपूर्व सवलत असते, पुस्तक छापून व्हायच्या आधी लोक पैसे भरतात, कोणी म्हणत नाही की प्रकाशक भीक मागायला लागला. मॅरिलियन नावाचा एक इंग्लिश बँड आहे, त्यांनी २००० च्या सुमाराला ईमेलवर असलेल्या चाहत्यांना नुसतं विचारलं की अल्बम करायच्या आधीच विकत घ्याल का, आणि बारा हजारांच्या वर लोकांनी आगाऊ पैसे भरले. आपल्याकडे बारा हजार नाहीत, ठीके. तुला दीडशे पाहिजेत.

दीडशे कुठून येतात ते बघ. मोबाईल घेऊन बस आणि नावं लिही, ग्रुप नको, नावं. पहिला अल्बम ऐकून ज्यांनी मेसेज केला ते. ऑर्केस्ट्रातले. कॉलेजचे. पुण्यात आयटीत गेलेली आपली पोरं, जी शनिवार आला की हुतात्मा नाहीतर इंद्रायणी एक्सप्रेस पकडून घरी येतात आणि शेंगाचटणी घेऊन परत जातात, त्यांना सोलापूरचं काहीही दिलं तरी गोड लागतं. भिवंडीला असलेले तुमचे नातेवाईक, ज्यांच्या घरात अजून तेलुगू-मराठी असं मिसळूनच बोलतात. एकेकाला वेगळा मेसेज कर, त्याच्याशी बोलतोस तसा, फॉरवर्ड केल्यासारखा नाही. पाचशे रुपये माग. दीडशे गुणिले पाचशे म्हणजे ७५ हजार, छपाई-कुरिअर वजा जाता दीडेक गाण्याचा खर्च. बदल्यात काय द्यायचं तर सीडी नको, कोणाच्या घरी प्लेयर राहिलेला नाही. छापील पुस्तिका दे, ज्या गाण्यांचे पैसे घेतोस त्यांचे शब्द, तेलुगू-कानडी ओळी देवनागरीत आणि खाली मराठी अर्थ, मागे पैसे भरणाऱ्यांची नावं, आणि गाणी सगळ्यांच्या आठवडाभर आधी त्यांना ऐकायला. पाचशेतले शंभर-सव्वाशे छपाई आणि कुरिअरला जाणार असं धरूनच चाल, इथेच बरेच जण फसतात, गोळा केलेलं सगळं स्टुडिओला देऊन बसतात आणि मग वस्तू पाठवायला खिशातून घालतात.

पैसे यूपीआयनेच घे. बँडकँपसारख्या गाणी थेट विकायच्या वेबसाइटवर पेपाल लागतं आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे पाठवणं १ एप्रिल २०२१ पासून बंद केलंय, त्यामुळे ते परदेशातल्या दोन-चार जणांपुरतं ठेव. वेगळं खातं उघड, पगाराच्या खात्यात मिसळू नको. दर महिन्याला पैसे भरणाऱ्यांना चार ओळींचा हिशोब पाठव, किती आले, किती कुठे गेले, गाणं कुठवर आलं. हे काम तुला झोपेत येतं आणि बहुतेक कलाकारांना मरेपर्यंत येत नाही, नोकरीबद्दल तू पत्रात जे रडगाणं गायलंयस ना, त्यावर माझं एवढंच म्हणणं. हां, आणि हे उत्पन्न आहे, रिटर्नमध्ये दाखवायचं, ते तुला कशाला सांगू.

आणि साठच जण आले तर? तर तीस हजार आले, आणि खरंच ऐकणारे साठ जण तुला नावानिशी कळले. पहिल्या अल्बमच्या वेळेला हे माहीत नव्हतं, म्हणून तो हवेत सोडल्यासारखा गेला. मात्र आधीच सांगून ठेव की अमुक तारखेपर्यंत इतके नाही जमले तर पैसे परत, आणि खरोखर परत कर. ज्या गाण्यांचे शब्दच नाहीत त्यांचे पैसे तर आत्ता मागूच नको.

एक छोटा कार्यक्रम पण कर. हुतात्मा स्मृती मंदिर बघू नको, भाड्याच्या आणि रिकाम्या खुर्च्यांच्या टेन्शनमध्ये गाणं बाजूला राहील. कोणाच्या क्लासची खोली, वाचनालयाचा हॉल, एखाद्या घराची गच्ची, पन्नास-साठ माणसं, दीडशे रुपये तिकीट. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, दिवसांत ठेवू नको, सगळं गाव होम मैदानावर असतं, लग्नसराईत तूच मोकळा नसतोस. तयार तीन गाणी गा आणि अर्धवट पाचांपैकी एखादं पण गा, जसं आहे तसं, शब्द नसतील तिथे नुसतं गुणगुण. लोक कुठे मान हलवतात आणि कुठे मोबाईल काढतात ते बघून तुला पुढचं कडवं सुचायची शक्यता बंद खोलीत बसण्यापेक्षा जास्त आहे. वर्षभर सुचलं नाही म्हणतोस, पण वर्षभर तू कोणासमोर स्वतःचं काही गायलास का? पत्रात तरी तसं काही नाही, आहे ते सगळं ऑर्केस्ट्राचं.

घरी कच्चं रेकॉर्डिंग करत जा. तुझ्या भागात मागांची खटखट असते, माहितीये, मागाला सुट्टी असते तो दिवस पकड. खोलीत चादरी आणि टॉवेल टांग, कारखान्यात सेकंडचा माल मिळत असेलच. पण त्याने खोलीतला घुमारा जातो, बाहेरचा आवाज थांबत नाही, तो धम धम आवाज तर कुठल्याच चादरीला जुमानत नाही, म्हणून वेळ निवडणंच खरं. असं घरी गाऊन ठेवलेलं असलं की स्टुडिओत प्रयोग करत बसावं लागत नाही, आणि तासाचा मीटर तिथेच पळत असतो.

नेत्यांचं. मला यात फार सोवळं पाळायचं नाही. वाढदिवसाचं गाणं करून द्यायचंय तर दे, सुपारी म्हणून, ठरलेले पैसे घेऊन, ऑर्केस्ट्रात काय वेगळं करतोस? पण ते तुझ्या अल्बममध्ये नाही आणि अल्बमवर 'निर्माता' म्हणून त्यांचं नाव तर अजिबात नाही. हा मानाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. साउंड रेकॉर्डिंगचा कॉपीराइट निर्मात्याचा धरला जातो, आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. दोन लाखांत आठ गाण्यांचं रेकॉर्डिंग साठ वर्षांसाठी दुसऱ्याच्या नावाने करून द्यायचा सौदा आहे हा, त्यांना स्वतःला पण हे माहीत नसेल, ते बिचारे फोटोसाठी म्हणत असतील. पुस्तिकेत एक पान सौजन्य म्हणून द्या म्हणावं, दुकानदार देतात तसं. त्यावर जे मिळतील ते घे. आणि फोटोचं म्हणशील तर माणसं पक्ष बदलतात, व्हिडिओतला फोटो बदलता येत नाही.

तेलुगू ओळींवरून मी थोडी चिडलेय खरं सांगायचं तर. 'सगळीकडे चालेल' म्हणजे कुठे? पुण्यात तुझ्यासारखं मराठी गाणारे शंभर आहेत, सोलापूरच्या अशोक चौकातल्या घरात जेवताना जी भाषा बोलतात तिच्यात गाणारे किती आहेत? राम जोशी आपल्या सोलापूरचेच, अठराव्या शतकातले शाहीर, त्यांनी लावणीत मराठीबरोबर संस्कृत आणि कानडी मिसळलंय, आणि ते पुण्यातही ऐकलं गेलं. प्रोड्युसरच्या कानाला एखादी ओळ चालीत बसत नसेल तर ते ऐक, तो त्याचा धंदा आहे. पण भाषेमुळे नको म्हणत असेल तर तुझी दीडशे माणसं नेमकी त्याच ओळींसाठी पैसे भरणारेत. पुण्याला शिफ्ट व्हावं का असं पण मधेच एका वाक्यात विचारलंयस, नको, निदान या अल्बमसाठी तरी नको, भाड्यातच सगळं जाईल.

आता बायको. 'तिला कलेतलं कळत नाही' हे तू लिहिलंस आणि खालच्याच ओळीत लिहिलंस की तिने विचारलं, 'परत किती येणार आणि कधी?' अरे, हा प्रश्न तर तू ऑफिसात दिवसभर लोकांना विचारतोस. एफडी मुलीच्या नावाने ठेवताना दोघांनी मिळून ठरवलं असेल तर मोडायचा निर्णय एकट्याचा होऊ शकत नाही, माझं मत विचारशील तर तो विषयच घरात बंद कर, तसं तिला सांगून टाक. त्यानंतर ती बाकीचं ऐकून घ्यायला मोकळी होईल. आणि दीड लाख बचतीतले पण सगळे घालू नको, एक गाणं स्वतःच्या पैशाचं, पुढची लोकांच्या, असं काहीतरी तिच्यासमोर कागदावर मांड. मला हे विचारायचंय की तिने ती तीन गाणी पूर्ण ऐकलीयेत का? रात्री दाराआडून ऐकू येणारी तुकड्या-तुकड्यातली नाही, समोर बसून. ऐकवली असशील आणि आवडली नसतील तरी काही बिघडत नाही, पण ऐकवलीच नसतील तर कळत नाही कसं म्हणतोस?

बाकी पाच चालींसाठी माझ्याकडे जादू नाही. एकच चाल घे, पाचही उघडून बसू नको. शब्द सुचत नसतील तर तेलुगूत बोलून बघ, आईला ती गोष्ट सांगतोयस असं समजून, मराठी नंतर येईल. महिन्याभरात नाही झालं तर ती बाजूला ठेव, दुसरी घे. आठची सहा झाली तरी तो अल्बमच असतो. पाचाच्या पहिल्याला कोणी अल्बम नाही म्हणालं का?

एक कागदाचं काम राहिलं, आणि हे स्वतःची गाणी करणाऱ्या सगळ्यांनी करावं. शब्द आणि चाल तुझी आहे तर आयपीआरएसचं सभासदत्व घे, ही संस्था १९६९ पासून गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते, गाणं रेडिओवर, हॉटेलात, कार्यक्रमात वाजलं त्याची. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क लिहून घेऊन काढून टाकता येत नाही, कोणी तसा कागद पुढे केला तर समज की समोरच्याला एकतर कायदा माहीत नाही नाहीतर तुला माहीत नाही असं त्याला वाटतंय. कानडी ओळी तुझ्या मित्राने लिहिल्यात म्हणतोस, तर त्याचा वाटा किती हे आत्ताच, मैत्री चांगली आहे तोवर, एका कागदावर लिहून दोघांनी सही करा.

आणि पुण्याच्या प्रोड्युसरला पैसे पाठवायच्या आधी व्हॉट्सॅपवर हे विचारून लेखी घे: तीनच गाणी केली तर गाण्यामागे रेट तोच राहील का, मिक्सिंग आणि मास्टरिंग त्यातच धरलंय का, दुरुस्त्या किती वेळा करून देणार, वादकांचे पैसे वेगळे आहेत का, मास्टर फाइल्स आणि सुटे ट्रॅक्स मला मिळणार का, आणि रेकॉर्डिंगचा मालक म्हणून नाव माझंच राहणार का. शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर 'बघू' असं आलं तर दुसरा प्रोड्युसर शोध.